३२ प्रोसेसर सांगून १६ कोर गळ्यात मारतात, आणि लायसन्सचे पैसे मात्र ३२ चे घेतात

डेटाबेससाठी सर्व्हर घेताना कोटेशनवर एकच ओळ असते: '३२ प्रोसेसर, झिऑन' (झिऑन म्हणजे इंटेलच्या सर्व्हर-चिप). मॉडेल नंबर नाही, सॉकेट (चिप बसवायची जागा) किती ते नाही, कोर (चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) किती ते नाही. सर्व्हर येतो. विक्रेत्याचा माणूस विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडतो, 'प्रोसेसर्स'वर क्लिक करतो आणि एकाखाली एक ओळी उलगडतात. प्रत्येक ओळीवर तेच नाव. घेणारा मोजतो, ३२ भरतात, तो चलनावर सही करतो. नंतर कधीतरी झाकण काढलं की आत चिप दोनच निघतात: झिऑन सिल्व्हर ४११०, प्रत्येकीत ८ कोर. खरे कोर १६. उरलेले १६ हायपरथ्रेडिंगने, म्हणजे एका कोरचे दोन भासवणाऱ्या तंत्राने, दिसणारे.

या फसवणुकीत पडद्यावरचा आकडा खोटा नसतो, म्हणूनच ती पचते. डिव्हाइस मॅनेजर लॉजिकल प्रोसेसरच, म्हणजे खरे आणि भासणारे मिळून, मोजतो. लिनक्सवरची 'एनप्रॉक' कमांड तेच मोजते, ओरॅकल डेटाबेसचं 'सीपीयू_काउंट' पॅरामीटरही तेच. खोटा असतो तो 'प्रोसेसर' हा मोघम शब्द.

हायपरथ्रेडिंग इंटेलने २००२ मध्ये आणलं. त्यात एकाच कोरला दोन थ्रेडची (कामाच्या दोन ओघांची) नोंद ठेवता येते. एक थ्रेड मेमरीतून डेटा येण्याची वाट पाहत थांबला की दुसरा काम पुढे नेतो. पण गणित करणारे भाग आणि कॅश दोघांत मिळून एकच. फायदा ३० टक्क्यांपर्यंत, असा इंटेलचाच सुरुवातीचा दावा होता. डेटाबेसला तो उपयोगी पडतो, त्यामुळे हायपरथ्रेडिंग बंद करा असं आमचं म्हणणं अजिबात नाही. पण त्या दाव्याने जरी धरलं तरी १६ कोरचा सर्व्हर फार तर २०-२१ कोरचं काम देईल. ३२ चं कधीच नाही.

याचा चटका उशिरा बसतो. सीपीयूचा आलेख ५० टक्क्यांवर असतो आणि सगळ्यांना वाटतं अजून निम्मी ताकद शिल्लक आहे. प्रत्यक्षात तोवर सोळाच्या सोळा कोरवर एकेक थ्रेड बसलेला असू शकतो. पुढच्या ५० टक्क्यांत मिळणारं काम फार थोडं. महिनाअखेरीचे रिपोर्ट लागले की क्वेरी अचानक रखडतात, आणि दोष इंडेक्सला दिला जातो.

दुसरा खिसा कापला जातो लायसन्समध्ये, आणि बहुतेक वेळा हाच फटका मोठा असतो. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचं कोरवर आधारलेलं लायसन्स २०१२ च्या आवृत्तीपासून आहे. व्हर्च्युअल नसलेल्या सर्व्हरवर त्यात फक्त फिजिकल कोर मोजतात, हायपरथ्रेडिंगचे थ्रेड नाहीत. लायसन्स दोन-दोन कोरच्या पॅकमध्ये मिळतं, म्हणजे वरच्या सर्व्हरला ८ पॅक पुरतात. विक्रेता ३२ धरून १६ पॅक लावतो. ओरॅकल एंटरप्राइझमध्येही तीच गत: इंटेलच्या कोरला ०.५ चा गुणक, म्हणून १६ कोरना ८ प्रोसेसर लायसन्स. बिलात १६ दिसली तर पाणी कुठे मुरलं ते उघड आहे. निम्मं हार्डवेअर आणि दुप्पट लायसन्स, दोन्ही त्या एकाच ३२ मधून.

शंका घेतलीच तर विक्रेता एक क्वेरी चालवून दाखवतो. एसक्यूएल सर्व्हरच्या 'सिस डॉट डीएम_ओएस_सिस_इन्फो' या व्ह्यूमध्ये (माहितीच्या तक्त्यात) 'सीपीयू_काउंट' ३२ आणि 'हायपरथ्रेड_रेशो' १६ येतं. "बघा, एका चिपमध्ये १६ कोर, दोन चिप, झाले ३२." इथे भलेभले फसतात, कारण कॉलमचं नावच दिशाभूल करणारं आहे. तो आकडा हायपरथ्रेडिंगचं प्रमाण सांगत नाही, एका सॉकेटमधून किती प्रोसेसर दिसतात एवढंच सांगतो. ३२ ला १६ ने भागलं की सॉकेट २ निघतात, इतकाच त्याचा उपयोग. ८ कोरच्या दोन चिप हायपरथ्रेडिंग चालू ठेवून लावा किंवा १६ कोरच्या दोन चिप ते बंद ठेवून लावा, दोन्हीकडे हेच दोन आकडे येतात. या दोन कॉलमवरून फिजिकल कोर ओळखताच येत नाहीत. त्याच व्ह्यूमधले 'सॉकेट_काउंट' आणि 'कोर्स_पर_सॉकेट' बघा. २०१६ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ते आहेत. आपल्या सर्व्हरवर २ आणि ८ येईल.

त्याहून सोपा पुरावा एररलॉगमध्ये (एसक्यूएल सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये) असतो. एसक्यूएल सर्व्हर सुरू होताना पहिल्या काही ओळींतच लिहितो: किती सॉकेट सापडले, दर सॉकेटला किती कोर, किती लॉजिकल प्रोसेसर, आणि लायसन्सनुसार त्यातले किती वापरतोय. लॉग मध्येच बदलला गेला असेल तर ही ओळ चालू फाइलमध्ये मिळत नाही, जुन्या फाइलमध्ये शोधावी लागते.

लिनक्सवर 'एलएससीपीयू' चालवून तीन ओळी वाचा: सॉकेट, दर सॉकेट कोर, दर कोर थ्रेड. पहिल्या दोघांचा गुणाकार म्हणजे फिजिकल कोर. तिसरी ओळ २ असेल तर हायपरथ्रेडिंग चालू. ओरॅकलमध्ये 'व्ही डॉलर ओएसस्टॅट'मधलं 'नम_सीपीयू_कोर्स' बघा. विंडोज सर्व्हर २०१२ पासून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर सॉकेट, कोर आणि लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दिसतात. डिव्हाइस मॅनेजर दाखवणारा माणूस हा टॅब का उघडत नाही, हे तिथेच विचारावं. तरीही वाद उरला तर बायोसमधून हायपरथ्रेडिंग बंद करून सर्व्हर सुरू करा. ३२ चे १६ झाले की बोलणंच संपतं.

व्हर्च्युअल मशीन भाड्याने घेताना मात्र हे सगळं आतून तपासून भागत नाही. आत काय दिसावं ते हायपरव्हायजर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, ठरवतो. 'दर कोर थ्रेड १' असं दिसलं तरी तो व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) बाहेर अर्ध्या कोरचाच असू शकतो. 'राखीव ८ प्रोसेसर' म्हणून विकलेलं मशीन यजमान सर्व्हरच्या नेमक्या कुठल्या प्रोसेसर-नंबरांना बांधलंय ते लेखी मागा. विंडोजमध्ये एका कोरचे दोन थ्रेड सहसा शेजारी असतात, ० आणि १, २ आणि ३. म्हणजे ० ते ७ दिले तर कोर चारच. लिनक्सवर १६ कोरच्या सर्व्हरमध्ये बहुधा ० चा जोडीदार १६ असतो. आणखी एक मेख: ८ व्हीसीपीयू ८ वेगवेगळ्या सॉकेटवर मांडून दिले, तर एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड त्यातले ४ च वापरतो, कारण त्याला ४ सॉकेटची मर्यादा आहे. पैसे ८ चे जातात. 'सिस डॉट डीएम_ओएस_शेड्युलर्स'मध्ये 'व्हिजिबल ऑफलाइन' अशा ओळी दिसल्या तर हे झालंय का ते आधी तपासा. ८ व्हीसीपीयू १ किंवा २ सॉकेटमध्ये मांडून घेतले की सुटतं.

खरेदीच्या ऑर्डरवर 'प्रोसेसर' हा शब्द एकटा येऊ देऊ नका. चिपचा पूर्ण मॉडेल नंबर, सॉकेट, दर सॉकेट फिजिकल कोर, दर कोर थ्रेड, आणि लायसन्स किती कोरचं, या पाच गोष्टी आकड्यात लिहून घ्या. नंबरही शेवटच्या अंकापर्यंत पडताळा. सिल्व्हर ४११० मध्ये ८ कोर आणि १६ थ्रेड आहेत, तर ब्राँझ ३१०६ मध्ये कोर ८ च पण हायपरथ्रेडिंग नाही, थ्रेडही ८ च.

सही होऊन गेली असेल तर आधी पुरावा सांभाळा. एररलॉगची ती ओळ, बायोसच्या पानाचा फोटो आणि 'प्रोसेसर' असं लिहिलेलं कोटेशन एकत्र ठेवा. जादा लायसन्स परत घेण्याची मागणी हार्डवेअरच्या तक्रारीपासून वेगळी, लेखी आणि लगेच करा, कारण तिथे फिजिकल कोरचा नियम विकणाऱ्याला नाकारता येत नाही.