बिटलॉकर आठ महिने वापरल्यावर: मशीन स्लो होतं का?

मशीन सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानातली: दोन लॅपटॉप आणि एक जुना डेस्कटॉप. आत टॅली, हळदीच्या सौद्यांच्या पट्ट्या, शेतकऱ्यांचे खातेनंबर. लॅपटॉप एसटीत चोरीला गेला तर नुसता विंडोजचा पासवर्ड काहीच वाचवत नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं उघडं. म्हणून विंडोज प्रोमधलं बिटलॉकर लावलं. ते डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करतं, म्हणजे किल्लीशिवाय (की) वाचता येणार नाही असा करून ठेवतं.

लॅपटॉपवर रोजच्या कामात फरक जाणवत नाही. त्यांच्या प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय आहे, म्हणजे एन्क्रिप्शनचं गणित चिपमध्येच होतं. एनव्हीएमई डिस्कवर (वेगवान प्रकारची एसएसडी) बारीक-बारीक फाइलींची स्पीड टेस्ट घेतली तर आकडे खाली येतात, पण टॅली उघडताना ते कळत नाही.

डेस्कटॉपची गोष्ट वेगळी. पहिल्या पिढीचा कोअर आय३, त्यात एईएस-एनआय नाहीच. नवी साटा एसएसडी टाकूनही मोठी फाइल कॉपी करताना प्रोसेसर १०० टक्क्यांना टेकतो आणि एसएसडीचे पैसे वाया जातात. आधी सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘इन्स्ट्रक्शन्स’च्या ओळीत ‘एईएस’ दिसतं का बघा. नसेल तर पूर्ण सी ड्राइव्हऐवजी फक्त डेटाचं पार्टिशन एन्क्रिप्ट करा. मात्र डाउनलोड आणि टेम्प फाइली सीवर उघड्याच राहतात, हे धरून चाला.

वापरलेल्या डिस्कवर ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय घेऊ नका. डिलीट केलेल्या जुन्या पट्ट्या मोकळ्या जागेत तशाच राहतात. पूर्ण ड्राइव्हला वेळ लागतो, चार्जर लावूनच ठेवा. मध्ये लाइट गेली तरी काम नंतर तिथूनच पुढे चालू होतं.

बायॉस (मशीन चालू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेटच्या आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’, म्हणजे तात्पुरतं बंद, करायला विसरलात तर मशीन निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. तिची प्रिंट तिजोरीत हवी, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे. की हरवली तर डेटा गेला, कोणताही रिपेअरवाला तो काढून देऊ शकत नाही.

खरा वेळ जातो तो दुसरीकडेच. नुसत्या टीपीएमवर (की सांभाळणारी मशीनमधली चिप) मशीन कुणीही चालू केलं तरी लॉगिनपर्यंत आपोआप उघडतं, आणि स्लीपमध्ये एन्क्रिप्शनची की रॅममध्येच असते. त्यामुळे ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सेटिंगमधून स्टार्टअप पिन लावला आणि झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट (रॅममधलं डिस्कवर ठेवून मशीन बंद होणं) ठेवलं. आता झाकण उघडलं की आधी पिन, मग विंडोज. गिऱ्हाईक समोर उभं असताना तेवढं थांबणं जाणवतं, तरी ही सेटिंग बदललेली नाही.