‘पंधरा दिवसांत क्लीअरिंगहाऊस साफ’ : माझे २,४०० डॉलर कसे बुडाले

मी मूळचा तासगावचा. सहा वर्षं झाली, कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहतो आणि रीफर, म्हणजे थंड माल वाहणारा ट्रक, चालवतो. तासगावची द्राक्षं सोडून फ्रेस्नोची द्राक्षं वाहायला गेला, असं आई गावात सगळ्यांना सांगते.

२०२५ च्या मार्चमध्ये ड्रायव्हरांच्या नशेच्या रँडम टेस्टला माझा नंबर लागला. कंबरेमुळे झोप येत नव्हती म्हणून रात्री गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, खायचो, पाकिटावर सीबीडी (भांगेच्या झाडाचा नशा न आणणारा अर्क) लिहिलेलं. रिपोर्टात गांजा निघाला. टेस्टचे निकाल तपासणाऱ्या एमआरओ डॉक्टरांचा फोन आला तेव्हा गमीचं सांगितलं, तर म्हणाले, सीबीडी हे कारण धरता येत नाही. इथं गांजा दुकानात राजरोस मिळतो, पण सीडीएलवाल्याला, म्हणजे ट्रकचा व्यावसायिक परवाना असलेल्याला, केंद्राचा नियम. चूक माझीच, त्यावर वाद नाही.

नोकरी त्याच दिवशी गेली. निघताना सेफ्टीवाल्याने सॅप, म्हणजे टेस्टमध्ये सापडलेल्या ड्रायव्हरांना तपासणाऱ्या समुपदेशकांच्या नावांचा एक कागद दिला. मी तो न वाचताच बॅगेत कोंबला. नशेबाजांच्या डॉक्टरकडे आपण कशाला जायचं, ही अक्कल! नाव क्लीअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या नशेच्या टेस्टच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राच्या पोर्टलवर चढलं. २०२० पासून कुठलीही कंपनी ड्रायव्हर घेण्याआधी तिथं बघते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून तर राज्य सीडीएलच काढून घेतं. डीएमव्हीचं, म्हणजे राज्याच्या वाहन परवाना खात्याचं, तसं पत्र आलं आणि माझा धीर सुटला.

तेवढ्यात ड्रायव्हरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात दिसली. फोन केला. माणूस गोड बोलायचा. ‘भाईसाब, पंद्रह दिन में प्रोहिबिटेड हट जाएगा, अंदर अपना आदमी है.’ प्रोहिबिटेड म्हणजे ट्रक चालवायला मनाई असल्याचा शेरा. १,२०० आधी, १,२०० काम झाल्यावर, दोन्ही ‘झेल’ या बँकेतून पैसे पाठवायच्या ॲपने. ‘फाइल लावायला’ म्हणून माझ्या लॉगिन डॉट गव्हचा, म्हणजे त्या पोर्टलवर शिरायच्या सरकारी खात्याचा, पासवर्ड मागितला. फोनवर आलेला सहा आकडी कोडही मी त्याला वाचून दाखवला. बायको शेजारीच होती, तिनं नुसतं बघितलं.

दहाव्या दिवशी पीडीएफ आलं. वर गरुडाचा शिक्का, खाली सही, मजकूर असा की अमुक तारखेला रिटर्न टू ड्यूटी (पुन्हा कामावर घेण्याआधीची) टेस्ट झाली, निगेटिव्ह. त्या तारखेला मी घरी गवत कापत होतो. नमुना दिलाच नव्हता! तरी मला आनंद झाला आणि उरलेले १,२०० लगेच पाठवले. नड असली की माणूस असा आंधळा होतो.

पीडीएफ घेऊन स्टॉकटनच्या एका कंपनीत गेलो. सेफ्टीच्या बाईंनी मला फोनवरून माझी नोंद बघायची संमती द्यायला लावली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. प्रोहिबिटेड. मी पीडीएफ पुढे केलं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही, फक्त विचारलं, ‘तुम्ही सॅप कुणाला नेमलंय?’ पोर्टलवर ती जागा रिकामी होती. सॅपला ड्रायव्हरनं स्वतः तिथं नेमायचं असतं. त्याचा निर्णय तोच चढवतो, आणि टेस्टचा निकाल कंपनी चढवते. मधल्या माणसाला तिथं शिरायला वावच नाही. दुरुस्तीचा अर्ज असतो, पण तो चुकीच्या नोंदीसाठी, खऱ्या पॉझिटिव्हसाठी नाही.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या केंद्राच्या एफटीसीकडे तक्रार टाकली. पासवर्ड त्याच रात्री बदलला.

मग बॅगेतला तो चुरगळलेला कागद काढला. सॅपबाई शांत होत्या, पहिल्या भेटीत दीड तास बोलल्या. क्लास, पुन्हा भेट, मग टेस्ट. फी आणि क्लास मिळून एजंटाला दिले त्याच्या निम्मेही लागले नाहीत. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी, कारण ती टेस्ट स्वतःच्या स्वतः देता येत नाही, घ्यायला तयार असलेली कंपनी लागते. अकरा ठिकाणी नकार ऐकला. शेवटी पाच ट्रकवाल्या एका सरदारजींनी टेस्टला पाठवलं. बाथरूममध्ये समोर माणूस उभा करून नमुना घेतात, त्याची लाज तयारीत ठेवा. निगेटिव्ह आली, मग सीडीएल परत मिळालं.

आता पहिल्या १२ महिन्यांत किमान ६ टेस्ट, न सांगता, आणि सॅपनं ठरवलं तर असं ५ वर्षांपर्यंत चालू शकतं. परवा तिसरी दिली.

ग्रुपवर ती जाहिरात अजून येते. नंबर नवा आहे, ‘अंदर अपना आदमी’ तोच.