आठ जीबीच्या लॅपटॉपवर लिनक्सची व्हीएम: थंडीपासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

लॅपटॉप नेहमीचाच आहे: चार कोर-आठ थ्रेडचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी. होस्ट, म्हणजे मूळ सिस्टिम, विंडोज ११; वर व्हर्च्युअलबॉक्स ७ (व्हीएम, म्हणजे संगणकातला आभासी संगणक, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यात गेस्ट म्हणून झुबंटू २४.०४ हे हलकं लिनक्स. काम पायथन, एक लहान डेटाबेस आणि ब्राउझरचं. थंडीत बसवलेली ही व्हीएम नागपूरच्या मे महिन्यातही रोज चालते आहे. एवढ्या वापरानंतर मत पक्कं झालंय: व्हीएम रेंगाळायला लागली की तिला आणखी कोर आणि आणखी रॅम देत सुटणं हा उलटा उपाय आहे. अडथळा बहुतेक वेळा होस्टमध्ये असतो.

सगळ्यात आधी व्हीएमच्या खिडकीत खाली उजवीकडे बघा. तिथे हिरवं कासव दिसलं, तर बाकी कुठल्याही सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही. ते कासव म्हणजे विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही (व्हीएम चालवणारी त्याची यंत्रणा) चालू असल्याची खूण. तो चालू असला की प्रोसेसरच्या व्हीटी-एक्सचा (व्हीएमसाठीच्या खास सोयीचा) ताबा त्याच्याकडे जातो आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं. डिस्क आणि नेटवर्कच्या कामात हा फरक लगेच जाणवतो. 'विंडोज फीचर्स'मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म या तिन्हींच्या खुणा काढा. विंडोज सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन'खालचं 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. मग 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी'समोर 'नॉट एनेबल्ड' आलंय का ते तपासा. याची किंमतही आहे. डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आणि त्यावर चालणारा डॉकर बंद पडतो, शिवाय विंडोजचं एक संरक्षण कमी होतं. ज्यांना लिनक्सचं फक्त टर्मिनल हवंय त्यांनी व्हीएमच्या मागे न लागता डब्ल्यूएसएल-२ च वापरावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

चार कोरच्या मशीनवर व्हीएमला दोनच कोर द्या. सेटिंगमधली पट्टी आठपर्यंत सरकते, पण त्यातले निम्मे नुसते थ्रेड असतात. जास्त कोर दिले की गेस्टमधला एक कोर लॉक (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा) धरून बसलेला असताना होस्ट नेमका त्यालाच थांबवतो, आणि बाकीचे कोर वाट बघत फुकट फिरत राहतात. मीटरवर सीपीयू भरलेला दिसतो, काम मात्र सरकत नाही.

रॅम ३०७२ एमबी. विंडोज आणि ब्राउझर मिळून चार जीबीच्या आसपास सहज खातात. गेस्टला पाच दिले तर होस्टच रॅममधला डेटा डिस्कवर हलवायला (पेजिंग) लागतो आणि दोघंही अडकतात. तीन जीबीत भागवायचं म्हणूनच गनोमऐवजी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतला. गेस्टमध्ये स्वॅपिनेस (स्वॅपकडे वळण्याचा कल) ६० वरून १० वर आणा आणि झीरॅम बसवा, म्हणजे स्वॅप (रॅममधून बाहेर काढलेला डेटा) डिस्कवर न जाता आधी रॅममध्येच दाबून ठेवला जातो. 'व्हीएमस्टॅट' या कमांडमध्ये स्वॅपची ये-जा दाखवणारे एसआय आणि एसओ हे रकाने सतत शून्याच्या वर राहत असतील, तर मेमरी खरोखरच कमी पडतेय. तेव्हा टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते बघूनच बर्डीत (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) रॅम घ्यायला जा. पातळ लॅपटॉपमध्ये ती अनेकदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते.

डिस्कच्या बाबतीत स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली अवस्था) फार महाग पडतात. प्रत्येक स्नॅपशॉटबरोबर एक नवी फरक-फाइल तयार होते, आणि वाचताना ती सगळी साखळी धुंडाळावी लागते. एक-दोन ठेवा, जुने काढून टाका. काढताना विलीनीकरणासाठी होस्टवर मोकळी जागा लागते, ती आधी बघून घ्या. कोड होस्ट-गेस्ट दोघांच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू नका. हजारो बारीक फाइल असलेला गिट रेपो तिथे फारच रखडतो, तोच गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर सुरळीत चालतो. व्हीएमचा फोल्डर डिफेंडर या विंडोजच्या अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळला की फरक पडतो. 'होस्ट आय-ओ कॅशे' (डिस्कवर लिहायचा डेटा आधी होस्टच्या रॅममध्ये ठेवणं) वेग देतं खरं, पण बॅटरी दम तोडत आलेल्या लॅपटॉपवर ते चालू ठेवू नका. वीज गेली आणि लॅपटॉप बंद पडला, तर डिस्कवर न पोचलेला डेटा गेला.

डिस्प्लेसाठी व्हीएमएसव्हीजीए हे आभासी ग्राफिक्स कार्ड, १२८ एमबी व्हिडिओ मेमरी आणि गेस्ट ॲडिशन्स (गेस्टमध्ये बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) पुरे. एक्सएफसीईचा कंपोझिटर (खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता दाखवणारा भाग) बंद करा.

आता आपल्या भागातली खरी अडचण. मार्चपासून तक्रारी येतात की तीच व्हीएम, तीच सेटिंग, पण दुपारी रेंगाळते. पारा ४५ च्या घरात गेला की पंखा आत ओढतो ती हवाच तापलेली असते. प्रोसेसर शंभर अंशांजवळ पोचला की स्वतःला आवरतो आणि क्लॉक, म्हणजे त्याचा वेग, खाली येतो. टर्बो (थोडा वेळ घेतलेला जादा वेग) चढतो, तापतो, पडतो, पुन्हा चढतो. व्हीएममध्ये हे धक्के ठळक जाणवतात. उपाय म्हणजे पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करणं. बहुतेक इंटेल लॅपटॉपवर एवढ्याने टर्बो बंद होतो. कमाल वेग घटतो, पण उन्हाळ्याच्या दुपारी काम एकसारखं चालतं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपलेला असतो, तो 'पॉवरसीएफजी' या कमांडने उघडावा लागतो. होळीच्या आधी पंख्यातली धूळ काढून घ्या, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर तीही बदला. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. कूलर खोलीत जरूर असू द्या, पण त्याचा ओला झोत थेट लॅपटॉपवर नको.

लॅपटॉपचं झाकण मिटण्याआधी व्हीएम 'सेव्ह स्टेट' करा. तशीच झोपवली तर जागी झाल्यावर गेस्टचं घड्याळ कधी कधी मागे राहतं, आणि मग एपीटी अपडेट (लिनक्सचे अपडेट), वेबसाइटची सर्टिफिकेट सगळं अडतं. सेव्ह करताना गेस्टची मेमरी डिस्कवर लिहिली जाते, म्हणून तीनेक जीबी जागा कायम मोकळी ठेवा.