'हंगामी संत्री' मागवली अन् आला किन्नू

जानेवारीत पाय मुरगळला होता, कळमन्याच्या फळबाजारात जाणार कोण, म्हणून फळं घरपोच देणाऱ्या एका ॲपवरून पाच किलोची पेटी मागवली. नागपुरात राहून संत्री ऑनलाइन, लाजच आहे खरं तर. वर मोठ्या अक्षरात 'नागपुरी हंगामी संत्री'. डिलिव्हरी टायमात आली, पोरगा चांगला होता, तिसऱ्या मजल्यापर्यंत पेटी आणून दिली.

उघडली तर साल अशी घट्ट की नखानं सोलता सोलेना, अन् फोडीफोडीत बिया. मामा आलेले होते, काटोलचे, घरची बाग आहे, त्यांनी एक फोड तोंडात टाकली नि म्हणाले, "संत्रा नाही ना बाप्पा हा, किन्नू आहे, पंजाबचा." मग क्लासच घेतला माझा. आपल्या संत्र्याची साल ढिली, बोट घातलं की सुटते. आंबिया बहाराची, म्हणजे थंडीअखेरच्या फुलोऱ्याची, तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या फुलोऱ्याची, फेब्रुवारी-मार्चकडे, मधल्या जानेवारीत आंबियाचं उरलंसुरलं, मग तुझा हा हंगाम कोणता रे?

कस्टमर केअरला फोन लावला तर ती ताई म्हणते, "सर, हंगामी म्हणजे टेंपररी, स्टॉक असेपर्यंत."

मी गप्पच झालो, कारण चूक म्हणता येईना! हंगामी कामगार असतात, नव्या आमदारांना शपथ द्यायला विधानसभेत हंगामी अध्यक्ष असतो, तो काही झाडाला लागत नाही. मूळ शब्द फारसी, हंगाम म्हणजे वेळ, काळ, अन् हंगामा म्हणजे जमाव आणि गोंधळ दोन्ही, आपल्याकडे जमाव गळाला नि गोंधळ तेवढा राहिला. नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको, डिसेंबरात कळमन्यात हंगाम असतो अन् सिव्हिल लाइन्सला विधानभवनात हंगामा.

बरं, हंगामीवर हरलो मी. पण 'नागपुरी'चा पण दुसरा अर्थ आहे का, विचारलं, २०१४ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे आमच्या संत्र्याला. तर होल्डवर टाकलं, दहा मिनिटं गाणं ऐकवलं आणि अर्धे पैसे परत दिले, ते पण ॲपच्याच वॉलेटमध्ये, म्हणजे परत यांच्याचकडून घ्या.

किन्नूचा ज्यूस मात्र मस्त निघाला, खोटं कशाला बोलू. दोन स्टार, त्यातला एक डिलिव्हरीवाल्या पोराचा. मृगाची तोड लागली की मामा पेटी पाठवून राहिले.