राळेगावचं खेळाच्या सामानाचं दुकान: बॉल, शिलाई आणि मागची भिंत

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावच्या बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, बी-बियाण्यांच्या आणि खतांच्या दुकानांच्या मधात एक अरुंद शटर आहे. पाटीवर ‘खेळाचे साहित्य व दुरुस्ती’ एवढंच लिहिलंय, मालकाचं नाव नाही. आसपासच्या शाळांतले सगळेच त्यांना काकाजी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. तालुक्यात फुटबॉल घ्यायचा असेल तर माझ्या मते आधी इथं जावं, आणि त्याला कारणं आहेत.

मी याच तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि सहावी ते आठवीच्या मुलींना फुटबॉल शिकवते. आमचं मैदान म्हणजे गावाला लागून असलेली काळी जमीन. पावसाळ्यात चिखल बॉलला चिकटून त्याचं वजन वाढतं, हिवाळ्यात ढेकळं टणक होतात, उन्हाळ्यात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात. एका बाजूनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण, दुसऱ्या बाजूनं वावर, म्हणजे कापूस निघाल्यावर पऱ्हाट्यांची खुटं. इथं बॉल टिकवणं हेच मोठं काम आहे.

पहिल्यांदा गेले तेव्हा काकाजींनी बॉल दाखवण्याआधी प्रश्न विचारले. “मॅडम, जमीन काळी हाय का मुरमाड? कुंपण कायचं हाय? पोट्ट्या केवढ्या?” सगळं ऐकून काचेच्या कपाटातला चकचकीत शिवलेला बॉल त्यांनी तिथंच राहू दिला आणि खालच्या फळीवरचा रबराचा, साच्यातला बॉल काढला. शिवलेला बॉल पायाला चांगला लागतो, पण काळ्या मातीत शिलाईत ओल शिरते, दोरा कुजतो आणि एकेक टाका उसवत जातो. रबराच्या बॉलला शिलाईच नसते. तो उसळतो जास्त आणि हेडर करताना डोक्याला जरा लागतो, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. महाग माल खपवायची संधी असताना स्वस्त माल हातात देणारा दुकानदार मला फारसा भेटलेला नाही.

मापाबाबतही ते ठाम आहेत. बारा वर्षांखालच्यांना चार नंबर, त्यावरच्यांना पाच. पाच नंबरच्या बॉलचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर आणि वजन 410 ते 450 ग्रॅम असतं. सहावीच्या बारक्या पोरीला तो दिला तर ती पायाच्या आतल्या बाजूनं मारायचं सोडून अंगठ्यानं ढकलायला लागते, आणि ती सवय पुढं मोडत नाही. आमच्या शाळेत आधी सगळे पाच नंबरचेच होते. चार नंबरचे आणल्यावर सहावीच्या मुलींचा पास सरळ जायला लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुरुस्तीसाठी तर हे दुकान सोन्यासारखं आहे. शिवलेला बॉल उसवला की काकाजी आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन बसतात, जुनी शिलाई थोडी मागेपर्यंत काढतात, आतल्या हवेच्या ब्लॅडरला हात लावून पाहतात, मग दोन्ही बाजूंनी सुई घालून टाके ओढतात. तरुणपणी ते नागपूरला एका दुकानात कामाला होते. कामठीच्या क्लबांचे बॉल तिथं शिवायला यायचे, तिथंच हात बसला. तीस-चाळीस रुपयांत बॉल पुन्हा मैदानात येतो. व्हॉल्वमध्ये पिन घालण्याआधी ती ओली करायची, कोरडी खुपसायची नाही, हेही ते प्रत्येक पोराला करून दाखवतात. आमच्याकडे बॉल फुटण्याआधी व्हॉल्वच खराब व्हायचे, ते आता थांबलंय.

पण हे लिहायला बसले ते मागच्या भिंतीसाठी. शिलाईच्या स्टुलामागं, पंपांच्या खोक्यांच्या वर, काकाजींनी जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूवर आपल्या देशाच्या ज्युनिअर फुटबॉल संघांचा हिशेब लिहून लावलाय. वर्ष, गाव, समोरचा संघ, गोल. काही ठिकाणी पेपरातली कात्रणं. गिऱ्हाइकाला समोरून ती दिसत नाही, विचारावं लागतं. विचाराच.

सुरुवात 1974 पासून होते. बँकॉक, आशियाई युवा स्पर्धा, अंतिम सामना, भारत 2, इराण 2, दोघे मिळून विजेते. खाली कर्णधार शब्बीर अली, प्रशिक्षक अरुण घोष. कात्रण नाही, फोटो नाही, नुसतं जाड मार्करनं लिहिलेलं. 2017 साली आपल्याकडं सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप झाला तेव्हा जो तो असं बोलत होता की भारतातल्या पोरांच्या फुटबॉलची सुरुवात तिथूनच झाली. माझाही समज तसाच करून दिला गेला होता. काकाजींच्या भिंतीवर त्याच्या त्रेचाळीस वर्षं आधी आपली पोरं आशियात पहिली आलेली आहेत. आणि त्यांना त्यापुढं जायला जागाच नव्हती, कारण युवा गटाचा पहिला वर्ल्ड कप ट्युनिशियात 1977 साली झाला. तीन वर्षं उशिरा. ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा आठवीतली एक मुलगी म्हणाली, “मंग त्यायले बलावलंच नाही काहून?” तिला स्पर्धाच नव्हती हे पटवायला वेळ लागला. पोरांच्या गटातला तो आशियाई किताब आजवर आपला एकुलता एक आहे.

त्यानंतर कागदावर बरीच मोकळी जागा आहे, आणि ती तशीच ठेवलीय हे मला आवडतं. 2002 ची एक ओळ आहे: अमिरातीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची आशियाई स्पर्धा, उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून हार. मग 2017.

त्या वर्षाला पूर्ण कॅलेंडरपान दिलंय. यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला होता, पात्रता खेळून नाही, हे काकाजींनी कंसात लिहिलंय. दिल्लीत 6 ऑक्टोबरला अमेरिकेकडून 0-3, 9 ऑक्टोबरला कोलंबियाकडून 1-2, 12 ऑक्टोबरला घानाकडून 0-4. तिन्ही हरलो. तरी कोलंबियाच्या ओळीखाली लाल पेनानं दोन रेघा आहेत. 82 व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर मारला, मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं उडी मारून डोक्यानं बॉल आत घातला. कोणत्याही वयोगटातल्या फिफा वर्ल्ड कपमध्ये भारताचा तो पहिला गोल. आणि लगेच पुढच्या मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोसानं त्याचा दुसरा गोल करून सामना घेतला. माझ्या मुलींना मी हेच शिकवते की गोल झाल्यावर आधी आपल्या जागेवर परत या. जॅक्सनच्या गोलानंतरचा तो मिनिट त्यांना कात्रणावरून बोट फिरवून दाखवता येतो, वेगळं समजवावं लागत नाही.

त्या संघातलं एक नाव आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे: कोल्हापूरचा अनिकेत जाधव. आपल्या राज्यातला मुलगा, म्हणून. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला सरकारनं राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला होता, शाळांना बॉल दिले होते. आमच्या शाळेत मुलींच्या पायाला बॉल लागला तो तेव्हा. त्याआधी आमच्याकडं मुली म्हणजे खो-खो आणि लंगडी, फार तर कबड्डी. वर्ल्ड कपनं खेड्यातल्या पोरींना काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी त्या बॉलांचं नाव घेते. ते बॉल सहा महिन्यांत फाटले, पुढचे आणायला कोण तयार आहे हा खरा प्रश्न होता, आणि तिथं काकाजींचं दुकान कामाला आलं. त्यांनी शाळेला उधारीवर माल दिला आणि अनुदान येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

2018 चं पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि गिऱ्हाइकं नेमकं त्यावरूनच नजर फिरवून पुढं जातात. ऑगस्टमध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत आपल्या वीस वर्षांखालच्या संघानं अर्जेंटिनाच्या त्याच वयाच्या संघाला 2-1 हरवलं. दीपक टांगरीचा सुरुवातीलाच गोल, मग अनिकेतला लाल कार्ड, दहा जणांत खेळताना अन्वर अलीची फ्री किक. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, ज्यांनी चार वर्षांनी कतारमध्ये मोठ्या संघाला वर्ल्ड कप जिंकून दिला. प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो यांच्या या पोरांचं कात्रण पानाच्या डाव्या बाजूला आहे.

उजव्या बाजूला क्वालालंपूर. सोळा वर्षांखालच्यांची आशियाई स्पर्धा, प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. व्हिएतनामवर 1-0, इराणशी 0-0, इंडोनेशियाशी 0-0. मग उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून 0-1. चार सामन्यांत आपल्यावर एकच गोल झाला, आणि तोच नडला. तो सामना जिंकलो असतो तर पुढच्या वर्षीच्या वर्ल्ड कपला यजमान म्हणून नव्हे, पात्र ठरून गेलो असतो. तसे आपण अजून एकदाही गेलेलो नाही. गोलकीपर नीरज कुमारनं त्या स्पर्धेत जे अडवलं ते पाहून आमच्या गोलकीपर मुलीनं हातमोजे मागितले. काकाजींकडं तिच्या मापाचे नव्हते, त्यांनी मागवून दिले.

मुलींचं पान 2022 चं. आपल्या देशात सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप. तोही ऑगस्टमध्ये फिफानं आपल्या महासंघावर बंदी घातल्यानं हातचा जायच्या बेतात होता. बंदी उठली आणि ऑक्टोबरात तो झाला. आपले सामने भुवनेश्वरला. अमेरिका 8, भारत 0. मोरोक्को 3, भारत 0. ब्राझील 5, भारत 0. कर्णधार अस्तम ओराव, झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली. पहिला सामना आम्ही ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर पाहिला होता. आठवा गोल झाल्यावर मुली उठून गेल्या नाहीत, शेवटची शिट्टी होईपर्यंत बसून राहिल्या. पुढं दुकानात हे आकडे एवढ्या मोठ्या अक्षरांत पाहून एकीनं काकाजींना विचारलं की हे लपवलं काहून नाही. ते म्हणाले, “लपवलं तर तुले वाटन का आपण जिंकलो होतो. मंग तू कायले पयशीन सकाई सकाई?”

त्यांचं हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. हारजीत दोन्ही एका मापाच्या अक्षरांत लिहिलेला असा हिशेब मी दुसरीकडं पाहिलेला नाही. 2023 ची, थायलंडमधल्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या आशियाई स्पर्धेची ओळ बघा: जपानकडून 4-8. कुणी म्हणेल आठ खाल्ले. पण त्या स्पर्धेचा विजेता जपान होता, आणि त्याला चार गोल घातले आपल्या पोरांनी. आकडे पूर्ण असले तर मुलं स्वतःच असं वाचायला लागतात.

आता उणिवा. भिंतीवर मुलींचा हिशेब फारच अपुरा होता, 2022 सोडला तर काहीच नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. काकाजींनी मार्कर आमच्या कप्तान मुलीच्या हाती दिला आणि तिनं लिहिलं: 2025, यांगून, भारत 1, म्यानमार 0. त्या विजयानं वीस वर्षांखालच्या मुली तब्बल दोन दशकांनी आशियाई स्पर्धेला पात्र ठरल्या. त्याच्या खाली आता नोव्हेंबरातला अहमदाबादचा सामनाही आहे, सतरा वर्षांखालच्या मुलांनी इराणला 2-1 हरवल्याचा. पहिल्या पानावर इराणशी बरोबरी आणि शेवटच्या पानावर इराणवर विजय आहे.

दुकानाच्या उणिवा वेगळ्या. मुलींच्या पायाचे, तीन-चार नंबरचे स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, जवळजवळ कधीच नसतात. नागपूरहून मागवावे लागतात आणि आठवडा जातो. नडगीला बांधायचे शिनगार्ड फक्त मोठे. जागा एवढी अरुंद की चार मुली आत शिरल्या तर पाचवीनं बाहेर थांबावं. ऑनलाइनपेक्षा बॉल पन्नास-साठ रुपयांनी महाग पडतो, पण ऑनलाइन मागवलेला एक बॉल आमच्याकडं पंधरवड्यात एका बाजूनं फुगला आणि तो बदलून घ्यायला कुणी दाद दिली नाही. काकाजींचा बॉल फुगला तर ते समोरासमोर बदलून देतात. मी त्यांना पाचपैकी साडेचार देईन, अर्धा गुण स्टडसाठी कापला.

जाणार असाल तर बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी त्यांना बोलायला फुरसत नसते. शाळेसाठी घेत असाल तर पक्कं बिल आधीच मागा, ते शिक्का मारून देतात. पंपाच्या पिना दोन घ्या, एक हमखास मोडते. रोख जवळ ठेवा, आत रेंज येत नाही. आणि कुणाच्या घरी, जुन्या पेटीत किंवा वाचनालयाच्या फायलीत, 1974 च्या त्या बँकॉकच्या संघाचं पेपरातलं कात्रण असेल तर त्याची झेरॉक्स काकाजींना नेऊन द्या. पहिल्या पानावर त्याच्यापुरती जागा त्यांनी मोकळी ठेवलीय.