उलटलेल्या कर्करोगावर पुन्हा रेडिएशन: आम्ही पडताळलेले पर्याय

माझ्या थोरल्या बंधूंच्या जिभेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि त्यानंतर रेडिएशनचा शेक झाला होता. दोन वर्षांनी तोच आजार मानेतल्या गाठीत उलटला. गाठ मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीला बिलगून असल्यामुळे, अशा वेळी एरवी पहिली पसंती असलेली शस्त्रक्रिया शक्य नाही असे सर्जननी सांगितले आणि पुन्हा शेक द्यायचा तर कोणत्या पद्धतीने, हा प्रश्न फोंड्यातील आमच्या घरापुढे उभा राहिला.

प्रत्येक तज्ज्ञाची पहिली विचारणा एकच होती: आधीचा डोस नेमका कुठे आणि किती गेला? मज्जारज्जू आणि जबड्याचे हाड तो डोस पूर्णपणे विसरत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर ‘६० ग्रे, ३० खेपा’ एवढेच लिहिले होते (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक). कोणत्या भागाला किती मात्रा मिळाली हे दाखवणारी संगणकीय योजना मूळ रुग्णालयाकडून मिळवण्यासाठी आम्हाला तीन आठवडे हेलपाटे घालावे लागले, आणि गाठ वाढत असताना तीन आठवडे फार मोठे असतात. पहिला उपचार संपतानाच ती योजना सीडीवर मागून घ्यावी, असे मी कळकळीने सांगतो.

एसबीआरटी म्हणजे गाठीवर अचूक नेम धरून दिलेला शेक; त्यात साधारण पाच खेपांतच मोठी मात्रा देतात, त्यामुळे थकलेल्या रुग्णाला ती सोयीची वाटते आणि आमचाही कल तिकडेच होता. डॉक्टरांनी कागदावर धमनीचे वर्तुळ काढले, त्याच्या निम्म्याहून अधिक परिघाभोवती गाठ रंगवली आणि अशा ठिकाणी मोठ्या मात्रेने धमनी फुटून जीवघेणा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, हे स्पष्ट केले. तो कागद दादांनी जपून ठेवला आहे. गाठीतच नळ्या घालून दिली जाणारी ब्रॅकीथेरपी लहान, हाताशी असलेल्या गाठींसाठी चांगली. आमच्याकडे तिचा विचार पुढे गेला नाही.

नेहमीच्या क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिल्या जाणाऱ्या शेकाबद्दल सर्वांनाच आशा असते. चेन्नईत २०१९ मध्ये आणि खारघरच्या टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ मध्ये ही सोय सुरू झाली, आणि मडगावहून मांडवी एक्स्प्रेसने पनवेलला उतरले की खारघर जवळच आहे. प्रोटॉन ठरावीक खोलीवर ऊर्जा सोडून थांबतो, म्हणून पलीकडचा मज्जारज्जू आणि तोंड वाचते. मात्र आमच्या बाबतीत धमनी गाठीच्या विळख्यातच असल्याने तिला कोणत्याही किरणांपासून वाचवता येणार नव्हते, आणि मज्जारज्जूला सोसणाऱ्या मात्रेची मर्यादा आयएमआरटीनेही, म्हणजे गाठीच्या आकारानुसार क्ष-किरणांची तीव्रता कमी-जास्त करणाऱ्या शेकानेही, पाळता येत होती. त्यासाठी सहा आठवडे घर सोडणे आम्हाला पटले नाही.

म्हणून गोव्यातच आयएमआरटी घेतली. यशाची शक्यता मर्यादित आहे, हे डॉक्टरांनी लपवले नाही: अमेरिकेतील दोन जुन्या अभ्यासांत, केमोसह पुन्हा शेक दिलेल्या रुग्णांपैकी दोन वर्षांनी अनुक्रमे सुमारे १५ आणि २६ टक्केच हयात होते. तेव्हाचे तंत्र आजच्याइतके नेमके नव्हते, हेही त्यांनी सांगितले.

सेवेबद्दल मी समाधानी आहे. चौथ्या आठवड्यात दादांचे वजन घटले, तेव्हा तंत्रज्ञ मुलीने जाळीदार मास्क आणि गाल यांच्यामध्ये बोट घालून पाहिले, ते सहज आत गेले, आणि तिने त्या दिवशीची खेप थांबवून नवा मास्क व नवे सीटी स्कॅन करवून घेतले. एक दिवस वाया गेला, पण असा दिवस वाया जायलाच हवा. सोलकढीचा घोटसुद्धा तोंडात आग पेटवत होता. वहिनींनी केलेली उकड्या तांदळाची पातळ पेज तेवढी उतरत असे.

तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान झाली आहे. तोंड मात्र जेमतेम दोन बोटे उघडते, आणि ते अधिक उघडावे म्हणून दादा रोज सकाळी आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरतात. मागच्या आठवड्यात बारा मावत होत्या, आज तेरा मावल्या.