‘शेठ बघतील’ म्हणता म्हणता भरपाईची मुदत जाते

पॉवर प्रेसवर (पत्रा दाबायच्या मशीनवर) बोटं गेलेल्या कामगाराची फसवणूक त्याच दिवशी, दवाखान्याच्या दारातच सुरू होते. रिक्षात सुपरवायझर कानाशी सांगतो, "घरी लागलं म्हण, नाहीतर पोलीस केस होईल, डॉक्टर हात लावणार नाहीत." वेदनेने अर्धमेला झालेला माणूस मान डोलावतो आणि केसपेपरवर लिहिलं जातं: घरी पडून दुखापत. पुढे अर्ज चालतो तेव्हा समोरचा वकील सगळ्यात आधी हीच ओळ वाचून दाखवतो.

मग ठेकेदार बिल भरतो, पंचवीसेक हजार रोख हातात ठेवतो. "केसबिस करू नको, शेठ बघतील तुझं. हलकं काम देतील." हलकं काम मिळतंही, पॅकिंगला किंवा गेटवर. पगार वेळेवर होतो. माणसं चांगली आहेत असं वाटत राहतं. आणि अपघाताला दोन वर्षं उलटून महिना-दोन महिने झाले की एके सकाळी गेटवर सांगतात, उद्यापासून येऊ नको.

हा हिशोब कायद्यावर बेतलेला असतो. कर्मचारी नुकसान भरपाई कायदा, १९२३ नुसार भरपाईचा अर्ज अपघातापासून २ वर्षांत करावा लागतो. मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून २ वर्षांत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही मुदत तेवढीच आहे. मालकाशी बोलणी चालू आहेत, तो पैसे देणार म्हणतोय, म्हणून घड्याळ थांबत नाही. तोंडी आश्वासन म्हणजे अर्ज नव्हे. युनियनकडे किंवा पोलिसांत दिलेली तक्रारही अर्ज नव्हे.

त्या पंचवीस हजारांच्या बदल्यात काय जातं ते बघा. वय २५ पूर्ण, पगार १४,००० रुपये, एका हाताची दोन बोटं गेली. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ८,४००. त्याला कायद्याच्या तक्त्यातल्या २५ वयाच्या २१६.९१ या गुणकाने गुणलं की १८,२२,०४४. दोन बोटांसाठी कायद्याच्या परिशिष्टात कमाईक्षमतेची हानी २० टक्के धरली आहे, म्हणजे भरपाई सुमारे ३,६४,४०९ रुपये. पगार कितीही असला तरी १९२३ च्या कायद्याखालच्या हिशोबाला महिना १५,००० पर्यंतच धरतात. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केल्याचं दिसलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दवाखान्याचा खर्च यात धरायचा नसतो, तो मालकाने वेगळा द्यायचा असतो. म्हणून "बिल आम्हीच भरलं ना" याला काही अर्थ नाही.

दुसरा सापळा कागदाचा. कोरा कागद, खालच्या कोपऱ्यात रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला, त्यावर आडवी सही. "बिलासाठी लागते" असं सांगतात. वरचा मजकूर नंतर टाइप होतो: माझी सर्व देणी मिळाली, काही तक्रार नाही. अशी सही झाली असेल तरी हातपाय गाळू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. एकरकमी तडजोड नुकसान भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे भरपाईचे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावी लागते. ती न नोंदवता पैसे दिले असतील तर मालकावर पूर्ण भरपाईची जबाबदारी राहते आणि आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर दिलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक वजावट त्याला मिळत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम आयुक्तांकडेच जमा करायची असते, मेलेल्याच्या बायकोच्या हातात पाकीट देऊन सुटका होत नाही.

"मशीनचा गार्ड तूच काढलास, चूक तुझी" हेही ठरलेलं वाक्य. गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावलेला आडोसा. साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. सुरक्षा साधन मुद्दाम काढलं हे मालकाला सिद्ध करावं लागतं, आणि उत्पादन वाढवायला गार्ड कोणी काढून ठेवला होता हे शेजारच्या मशीनवाल्यांना ठाऊक असतं. त्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा. दोन वर्षांत त्यातले निम्मे जण गाव सोडून जातात.

ठेकेदार पळाला तर? काम कंपनीच्या धंद्याचाच भाग असेल तर मूळ कंपनीही जबाबदार. दोघांनाही पक्षकार करा.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर मार्ग वेगळा. तिथे हा अर्ज चालत नाही, लाभ महामंडळाकडून मागायचा. नाव अपघाताआधी नोंदलेलं होतं की अपघातानंतर घाईने घातलं, हे आधी तपासा. नोंदणीची तारीख काढून घ्या.

पहिल्या आठवड्यातच मालकाला आणि ठेकेदाराला लेखी सूचना द्या: नाव, तारीख, वेळ, मशीन, काय लागलं, कसं लागलं. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोचपावती जपा. केसपेपरवर चुकीचं लिहिलं असेल तर रुग्णालयाला त्याच आठवड्यात लेखी पत्र देऊन खरी हकीकत नोंदवायला सांगा आणि पत्राच्या प्रतीवर शिक्का घ्या. जुनं पान फाडता येत नाही, पण आपण लगेच हरकत घेतली हे दिसतं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार गेली की अपघात कारखान्यातच झाला याची सरकारी नोंद होऊ शकते. महाराष्ट्रात १९२३ च्या कायद्याखालचे अर्ज कामगार न्यायालयात चालत आले आहेत. तारीख मोजताना शेवटच्या महिन्याची वाट बघू नका, कारण अपंगत्वाचा दाखला मिळायलाच दोन-चार फेऱ्या होतात.

दोन वर्षं उलटली असली तरी पुरेसं कारण दाखवलं तर आयुक्त उशीर माफ करू शकतात. पण "शेठ म्हणाले होते" एवढ्यावर भागत नाही. ते कधी काय म्हणाले याचे मेसेज, हलक्या कामाच्या पगाराच्या पासबुकातल्या नोंदी, उपचाराच्या तारखा असं सगळं विलंबमाफीच्या अर्जाला जोडावं लागतं. फोन बदलला असेल तर जुना विकू नका. सुपरवायझरच्या व्हॉइस नोट त्यातच असतात.